मुहूर्ताची पोती

"बघ, वैजयंती. काटा हिरव्या रेघेनंच चाललाय." केळुसकर साहेबांनी दाबमापकाच्या काचेवर पेनानं टकटक केलं. "तुझी लाल रेघ कुठं राहिली?"

माझी लाल रेघ माझ्या लॅपटॉपवर होती आणि तिथं ती भराभर वर चढली होती. भिंतीवरचा काटा मात्र गुणी मुलासारखा खाली बसून होता. सकाळपासून जागचा हलला नव्हता म्हणा ना.

"अजून वेळ आहे, सर," मी म्हणाले.

"वेळ असतोच. हरणाऱ्या माणसाकडं वेळ नेहमीच असतो." ते हसले. शेजारी उभे असलेले कापडियाही हसले. कापडिया मुंबईचे निर्यातदार. गिरणीमालक मगदूम अण्णांची हळद पुढच्या वर्षापासून परदेशी पाठवायची की नाही, हे ते आजची नव्या फिल्टरची चाचणी बघून ठरवणार होते. त्यामुळं सांगलीच्या त्या हळदीच्या गिरणीत त्या दिवशी सगळे जरा जास्तच हसत होते.

याला आता बरीच वर्षं झाली. मी पुण्याच्या एका कंपनीत होते. धूळ पकडणारे फिल्टर आम्ही बनवायचो. खोलीएवढा लोखंडी डबा, आत कापडाच्या लांब पिशव्या. गिरणीतली धुळकट हवा पंखा ओढून घेणार, पूड पिशव्यांवर अडकणार, मग हवेचा उलटा झटका बसला की झडून खाली पडणार. नवा फिल्टर करण्याआधी तो आम्ही कॉम्प्युटरवर चालवून बघायचो. त्याचं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं होतं. धूळ म्हणजे कोरडी धूळ, एवढंच त्याला ठाऊक. पण बनवणाऱ्यांनी त्यात एक सोय ठेवली होती. तुमची धूळ जगावेगळी असेल, तर तिच्या वागण्याचा नियम तुम्ही स्वतः लिहायचा आणि आत जोडून द्यायचा. त्याला फंक्शन म्हणायचं.

तसं एक फंक्शन मी लिहिलं होतं. माझ्या नियमातला कण कापडावर बसला की आधी स्वतःला विचारायचा, मी किती चिकट? शून्य म्हणजे ठणठणीत कोरडा, दहा म्हणजे गुळासारखा. चिकट असला तर झटका बसला तरी हलायचा नाही, उलट मागून येणाऱ्याला 'ये, बस' म्हणून जागा करून द्यायचा. मी चिकटपणाच्या चौकटीत सात घातले, की वीस मिनिटांत पिशव्या तुंबायच्या आणि काटा दाबमापकावरच्या लाल खुणेपार जायचा.

लाल खुणेपार म्हणजे काय, ते गिरणीत सगळ्यांना माहीत होतं. पिशव्या तुंबल्या की पंख्याला हवा ओढता येत नाही आणि पूड दालनात परत येते. हळदीची पूड हवेत दाट झाली आणि तिला ठिणगी मिळाली, तर भडका उडतो. दळणाची यंत्रं तर हात लावू नये इतकी तापतात. दोनच वर्षांपूर्वी पलीकडच्या तालुक्यातल्या एका गिरणीत असा भडका उडून पॅकिंगच्या दोन बायका भाजून गेल्या होत्या. अण्णांच्या गिरणीत दळण आणि पॅकिंग एकाच दालनात होतं, मधे नुसता पत्र्याचा आडोसा.

आणि त्या आडोशामागं पिशव्यांची तोंडं शिवत माझी आई बसली होती.

"पण हे सात आणलेस कुठून?" पुण्यात साहेबांनी विचारलं होतं. "मगदूमांनी स्वतः नमुना पाठवलाय. तो आपण तपासला. एकाच्या वर जात नाही."

"मी घरून एक नमुना आणला होता."

"घरून? मिसळणाच्या डब्यातून?" ते इतके हसले, की मला पुढचं सांगावंसंच वाटलं नाही. सांगता येण्यासारखंही नव्हतं. शेवटी त्यांनी माझ्या फंक्शनला तोंडदेखली परवानगी दिली. चाचणीच्या दिवशी पडद्यावर दोन्ही रेघा ठेवायच्या, साध्या सॉफ्टवेअरची हिरवी आणि माझी लाल. काटा ज्या रेघेनं जाईल ती खरी. आणि काटा हिरवीनं गेला होता.

केळुसकर साहेब आणि कापडिया वरच्या मजल्यावर जेवायला गेले. मी भूक नाही म्हणून खालीच राहिले. आपलं फंक्शनच चुकलं असेल, असं एक मन म्हणत होतं, आणि तसंच असू दे, असं दुसरं. माझं चुकलं असेल तर आई सुखरूप होती. बरोबर असेल तर काटा खाली का, हे कळत नव्हतं.

दळणाच्या तोंडाशी जाऊन मी पोत्यातलं एक हळकुंड उचललं. खरखरीत, मातकट, पिवळं धमक. हाताला नुसती कोरडी पूड लागली. पोत्याकडं पाहिलं तर त्यावर कुंकवाचं बोट. शेजारच्या रिकाम्या पोत्यावरही कुंकू. सकाळची पूजा आठवली. नारळ फोडल्यावर अण्णांनी स्वतः एकेका पोत्याला कुंकू लावलं होतं. नव्या मशीनला पहिला घास चांगला घालायचा, ही मगदूमांच्या घरातली जुनी रीत. त्यासाठी वर्षभर राखून ठेवलेली, कडकडीत वाळलेली राजापुरी जातीची हळद काढली होती. पाहुण्यांसमोर ताटात चांगलंच वाढायचं, त्यात कुणाचं काही वाकडं नव्हतं. फक्त आपण सकाळपासून मशीनला पक्वान्न भरवतोय आणि त्याला रोजची भाकरी पचते की नाही याचा निवाडा करतोय, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

कुंकवाची पोती संपत आली होती. दोन हमाल मागच्या कोठारातून दुसरी पोती आणायला लागले होते. त्यातल्या एकाच्या फाटक्या कोपऱ्यातून हळकुंडं दिसत होती. नुकती न्हाऊन तेल लावल्यासारखी चकचकीत.

मी आडोशामागं गेले. आईनं मान वर न करता विचारलं, "जेवलीस का?"

"आई, त्या हळदीला तेल लावतात ना?"

तिची सुई थांबली नाही. "कोण म्हणतं?"

"मी विचारतेय. पॉलिश करताना तेल मारतात ना चकाकीला?"

"मला काय विचारतीस? मी पिशव्या शिवती."

"आई, ती पोती आता मशीनमध्ये चाललीत. तू इथंच बसणार आहेस."

"रोजच बसती की." तिनं दोरा दातानं तोडला. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "वैजू, तुझे बाबा गेले तेव्हा तेराव्याला अण्णा दारात आले आणि म्हणाले, उद्यापासनं गिरणीत या. त्यांचं मीठ खाल्लंय आपण. आतली गोष्ट मला विचारू नगं. जा, जेवून घे."

आईनं एकदा मिठाची गुळणी धरली की देवानंही विचारून उपयोग नसतो. पण मला तिच्या उत्तराची गरजही नव्हती. ते सात मी तिच्याच साडीतून आणले होते.

आदल्या दिवाळीला मी घरी आले होते. नवा फिल्टर तुमच्याच गिरणीत येणार, असं मोठ्या ऐटीत तिला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "कुठली हळद धरलीया?" अण्णांनी पाठवली ती, म्हटलं. "हं," म्हणून ती चकल्या तळायला उठून गेली. पुण्याला परत आल्यावर बॅग उघडली, तर लोणच्याची बरणी तिच्या गिरणीतल्या साडीत गुंडाळलेली. साडी धुतलेली नव्हती. आईसारख्या टापटिपीच्या बाईकडून असं कसं झालं, वय झालं बहुतेक, असं मला वाटलं. झटकली तर पूड झडेना. निऱ्यांत नुसती गच्च बसलेली. ती मी चमच्यानं खरवडून काढली, प्रयोगशाळेत फिल्टरच्या कापडावर पसरली, हवेचे झटके दिले आणि कापडाला किती चिकटून राहते ते मोजलं. सात आले.

हे साहेबांना सांगितलं असतं, तर ते अण्णांना सांगणार. आणि अण्णांना कळलं असतं, की आतली पूड कुणाच्या अंगावरून बाहेर गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली होती.

मी धावत वर गेले. साहेब श्रीखंडावर आले होते.

"सर, चाचणी थांबवा. पोती बदललीत. सकाळची हळद वेगळी होती."

"हळद ती हळद."

"ही तेलकट आहे."

कापडियांचा चमचा हवेत राहिला. साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मला वाटलं, आता तिथल्या तिथं पुण्याला पाठवतात. "वैजयंती," ते हळू म्हणाले, "नमुना गिऱ्हाइकानं दिलेला आहे. त्यावर आपण काम केलंय. जेवू घालणाऱ्या माणसाच्या घरात बसून त्याच्या मालाला नावं ठेवायची नसतात. खाली जा."

कापडियांना वाढत उभे असलेले अण्णा हे ऐकत होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळाला हळदीचाच टिळा. त्यांनी पळी पातेल्यात ठेवली.

"पोरी, केबिनमध्ये चल."

केबिन वरच्याच मजल्यावर, दालनाच्या बाजूला होती. एका बाजूला मोठी काच, काचेतून खाली सगळी गिरणी दिसायची. गिरणीचा मेन स्विच केबिनच्या दाराबाहेर होता आणि त्याला अण्णांखेरीज कुणी हात लावत नसे. त्यांनी दार लावलं. लॅपटॉप मी छातीशी धरला होता.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही, अण्णा."

"तेलाचं आतल्या माणसाशिवाय कुणाला ठावं न्हाई. बाजाराला चकाकी लागती, सगळेच लावत्यात, मी काय एकटा लावत न्हाई. पण कापडिया पानावर बसलेले असताना ते बोललीस तू." त्यांची नजर काचेतून पलीकडं गेली, आडोशाच्या दिशेनं. "अनसूबाई बोलली?"

"आईची शपथ घेऊन सांगते, ती एक शब्द बोलली नाही." ते खरंच होतं. "अण्णा, मला कुणाचं नाव नको, तुमचा आकडाही नको. तेल किती, कसलं, ते तुमचं तुम्हाला माहीत. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. फक्त एवढं करा."

मी लॅपटॉप त्यांच्या टेबलावर ठेवला. माझ्या फंक्शनची चौकट उघडली आणि त्यातले सात पुसून टाकले.

"इथं एक आकडा घालायचा. शून्य म्हणजे सकाळच्या मुहूर्ताची हळद. दहा म्हणजे गूळ. तुमची रोजची हळद मधे कुठं बसते ते तुम्हीच ठरवा. घाला आणि हे बटण दाबा. मशीन किती वेळ तग धरतं, तो आकडा खाली येईल. मी बघणार नाही. पाठ करून उभी राहते."

"आणि मग?"

"मग तुम्ही म्हणाल तसं. थांबवू नका म्हणालात, तर मी गाडीत जाऊन बसते."

मी पाठ केली. त्यामुळं माझ्यासमोर ती काच आली. खाली हमाल चकचकीत हळदीचं पोतं उपडं करत होते. किती पोती गेली असतील याचा हिशेब मी मनातल्या मनात करू लागले आणि तो मला आवडेना. काटा इथून दिसत नव्हता. आई दिसत होती.

मागं खुर्ची करकरली. मग एक कळ वाजली, मग बटण.

"हे खाली काय आलंय?" अण्णांचा आवाज.

"तेवढा वेळ चालेल, अण्णा."

पुन्हा कळ. पुन्हा बटण. त्यांनी आकडा कमी करून पाहिला असणार. समोर यंत्र असो की देवळातला देव, माणूस घासाघीस करून बघतोच. तिसऱ्यांदा कळ वाजली.

"हे तास हाईत न्हवं?"

"मिनिटं, अण्णा."

तेवढ्यात बाहेरचा आवाज बदलला. सकाळपासून पंख्याची एकसुरी घरघर कानात बसली होती. ती आता दमेकऱ्यानं श्वास ओढावा तशी झाली. आडोशाच्या वर एक पिवळट धूसर थर आला. आधी वाटलं, काच मळलीय. मग बायकांनी पदर नाकाला लावले. आईनंही लावला. तिनं एकदा वर बघितलं, सरळ केबिनकडं, आणि पुन्हा खाली मान घालून शिवायला लागली. पुढच्या क्षणी ती मला दिसेनाशी झाली. पलीकडं तापलेली यंत्रं तशीच फिरत होती.

"अण्णा! बंद करा! अण्णा, आई!"

मी वळले. शब्द दिला होता, तरी वळले. अण्णा पडद्याकडं बघत नव्हतेच, माझ्या मागं उभे राहून काचेतून बघत होते. तोंडाला रंग नव्हता. धोतराचा सोगा धरून साठीचा तो माणूस असा धावला, की दार भिंतीवर आपटलं. खटका पडल्याचा आवाज मी ऐकला.

सगळी गिरणी एकदम गप्प झाली. पूड हवेत तरंगत राहिली. कुणी जागचं हलत नव्हतं. कुठं चमकतं का, कुठं जळकं काही येतं का, एवढंच सगळे हुंगत होते. अण्णा खाली पिवळ्या धुक्यात उभे राहून ओरडत होते, "भाईर या! समद्या भाईर या! कुणी काय उचलू नका!"

मी खाली धावले. एकेक बाई बाहेर आली. आई शेवटची, केसांपासून पायांपर्यंत पिवळी, नुकतीच हळद लागलेल्या नवरीसारखी. खोकत होती. मी तिला धरलं तर म्हणाली, "अंगाला लावून घिऊ नगस, तुझा ड्रेस खराब हुईल."

साहेब आणि कापडिया जिन्यात उभे होते. साहेबांनी खाली येऊन दाबमापक पाहिलं. काटा लाल खुणेच्या कितीतरी पार जाऊन अडकला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पेन खिशाला लावलं.

"काय झालं, मगदूमशेठ?" कापडियांनी विचारलं.

अण्णांनी सदऱ्यावरची पूड झटकायचा प्रयत्न केला. झडली नाही. त्यांनी तळहाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग आईकडं. त्यांच्या एका वाक्यावर आईची भाकरी टांगलेली होती.

"मुहूर्त चुकला," अण्णा म्हणाले. "दोष माझा. घाई केली मी. पंचांग बघून, मशीन मोठं करून, पुन्यांदा बघू. तवर गिरणी बंद." आणि जरा थांबून, "आन कापडियाशेठ, तुम्हाला माल दीन तो चकाकणार न्हाई. चालत असंल तर घ्या."

कापडियांना यातलं किती कळलं कोण जाणे. ते एवढंच म्हणाले, की आम्हाला खायची हळद पाहिजे, आरसा नको.

मी केबिनमध्ये लॅपटॉप आणायला गेले. चौकट रिकामी होती. काचेतून बघायला उठण्याआधी त्यांनी आपला आकडा पुसला होता. तो मला आजतागायत माहीत नाही. पुढं मोठा फिल्टर बसला, पॅकिंगला वेगळी खोली बांधली, आणि आई निवृत्त होईपर्यंत त्याच गिरणीत गेली. अण्णांनी तिला कधी काही विचारलं नाही.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा ती मागच्या दारी दगडावर साडी धूत होती. पाणी पिवळं होऊन अळवाच्या मुळाशी जात होतं. मी पायरीवर बसले.

"मी काय बोलले न्हाई हं अण्णांच्या माघारी," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"बोलायचं नसतं. मीठ खाल्लंय."

"बरं झालं दिवाळीत तुझी चूक झाली ते," मी म्हणाले. "बरणी धुतलेल्या साडीत गुंडाळली असतीस, तर मला काहीच कळलं नसतं."

ती साडी आपटायची थांबली. माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू विचारत होती, एवढी शिकवून पोर अशी कशी निघाली.

"चूक? इतकी वर्षं झाली, गिरणीतली साडी धुतल्याबिगर कधी उंबऱ्याच्या आत आलेली बघितलीस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग?" तिनं साडी पाण्यात बुडवली. "तोंड उघडणार न्हाई, हे अण्णांच्या मिठाला दिलेलं वचन. बरणी कशात गुंडाळायची, ते काय त्येंनी सांगितलं न्हवतं."

आईनं साडीचं एक टोक माझ्याकडं केलं, मी ते धरलं आणि दोघींनी मिळून ती पिळली.